हलक्या धक्क्याची रायफल

१४ सप्टेंबर, शनिवार

गेल्या हंगामाची नोंद आधी करून ठेवते. जे घडलं तेवढंच.

१. १५ नोव्हेंबर, हंगामाचा पहिला दिवस. सकाळचे सात बेचाळीस. तापमान उणे चार. वारा नाही.
२. बाबा आणि मी आमच्या मचाणावर. रायफल एकच, बाबांची, ३०-०६ मापाच्या काडतुसाची.
३. साठ यार्डांवर झाडीतून नर हरीण बाहेर आलं. शिंगांना आठ फाटे. आडवं उभं राहिलं.
४. बाबांनी रायफल खांद्याला लावली. थोडा वेळ धरली. मग खाली घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू मार."
५. मी मारली.
६. हरणाला लागली नाही. हरीण गेलं.
७. धक्क्याने रायफल मागे आली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीची कड माझ्या उजव्या भुवईवर बसली. अर्धचंद्राकृती जखम. तीन टाके.
८. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, असा आमच्या शिकारीच्या कॅम्पचा रिवाज आहे. संध्याकाळी आर्वो काकांनी माझ्या शर्टाचं टोक कापलं, त्यावर "आयली, २०२३" असं लिहिलं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकलं.
९. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

भिंतीवर एकूण एक्केचाळीस तुकडे आहेत. आर्वो काकांचे सात. बाबांचा एकही नाही, अडतीस हंगामांत. रौतियो आडनावाचा त्या भिंतीवरचा पहिला तुकडा माझा आहे.

निष्कर्ष: रायफल माझ्या मापाची नव्हती. माझी उंची १५५ सेंटीमीटर, वजन ४९ किलो. बाबांच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, मला साडेचार सेंटीमीटर लांब पडतो आणि धक्का जास्त आहे. नोव्हेंबरच्या आत मला सोसेल अशी रायफल निवडायची. ही वही त्यासाठी.

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारी बाबांकडे जेवायला. पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजलेली करंजी, आणि नंतर वेलदोड्याचा पाव. आई गेल्यापासून पाव बाबाच भाजतात. वेलदोडा दरवेळी थोडा जास्तच होतो.

नवी रायफल घेणार म्हणून सांगितलं. बाबा खूश झाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच.

"बघू या ना, बघू या. मीही येतो बघायला."

"आणि कॅम्पला?"

"कॅम्पला यंदा जमेलसं दिसत नाही गं. बॉयलरचा भरवसा नाही. मी तिकडे असताना पाइप गोठले तर?"

घर गरम ठेवणारा हा बॉयलर नऊ वर्षांचा आहे. आवाज करतो, पण भरवसा नसण्यासारखं त्याने आजवर काही केलेलं नाही. तरी मी कंत्राटदाराला फोन केला. तो २ ऑक्टोबरला येतोय.

कॅम्पच्या दाराच्या आतल्या बाजूला आर्वो काकांच्या वडिलांनी पेन्सिलीने नियम लिहून ठेवले आहेत. चौथा असा: सलग तीन हंगाम ज्याची गोळी सुटली नाही, त्याने मचाण सोडावं आणि एप्रन घ्यावा. एप्रन खरोखरचा आहे, झालर लावलेला, खिशावर पिवळं बदक शिवलेलं. शेवटी तो लौरी काकांकडे होता. नऊ वर्षं त्यांनी सगळ्यांची लापशी ढवळली. ते वारल्यापासून एप्रन स्टोव्हमागच्या खिळ्याला लटकतोय.

बाबांचं २०२२ साल पोटाच्या ऑपरेशनमध्ये गेलं. २०२३ ला गोळी मी झाडली. म्हणजे हे तिसरं. बाबांच्या लक्षात आलं नसावं. सांगायला हवं.

२८ सप्टेंबर, शनिवार

क्लारिस थिबो यांच्या बंदुकांच्या दुकानात. बाबा बरोबर होते. त्यांचा जुना लोकरी कोट फारच सैल दिसतो. नवा घ्यायला सांगितलं तर म्हणाले, "थंडीत आतून कपडे घालायला जागा नको?" सप्टेंबर चालू आहे.

मी सरकारतर्फे वजनमापं तपासते, दुकानांतले काटे आणि पेट्रोल पंपही. त्यामुळे या भागातल्या प्रत्येक दुकानात माझं स्वागत एकाच पद्धतीने होतं.

"या, पेट्रोलवाल्या बाई," क्लारिस म्हणाल्या. "काटा तपासायला आलात की गिऱ्हाईक म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हणून. कमी धक्क्याची रायफल हवी."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

क्लारिस यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या कोटाकडे. "बरं," म्हणाल्या. त्यांनी आधी गुलाबी दस्त्याची एक रायफल काढली. वजन अडीच किलो. म्हणे बायकांसाठी खास.

"रायफल जितकी हलकी, तितका धक्का जास्त," मी म्हणाले. "ही बायकांसाठी नाही. बायकांच्या विरोधात आहे."

"रायनो, तुझ्या पोरीला नवरा मिळणं कठीण आहे."

"ती त्याचंही वजन करून बघेल," बाबा म्हणाले.

मी हे नोंदवते आहे, कारण बाबांनी दुसऱ्या कुणासमोर माझी थट्टा करण्याची ही बऱ्याच दिवसांतली पहिली वेळ.

वेगवेगळ्या मापांच्या काडतुसांचे तीन पर्याय समोर ठेवले: २४३, ६.५ आणि ७-०८. तिन्हींना हरणासाठी पुरेसा जोर आहे. ६.५ ची रायफल साडेतीन किलोची, मागे जाड रबरी गादी. दस्त्यात दोन पट्ट्या घातलेल्या. काढल्या की दस्ता आखूड होतो, घातल्या की लांब.

"रायनो, तूही लावून बघ की खांद्याला," क्लारिस म्हणाल्या.

"मी कशाला? पोरीची आहे."

"बघितल्याने झिजत नाही ती."

बाबांनी ६.५ खांद्याला लावली. मी जितका वेळ धरली होती त्याच्या दुप्पट वेळ धरली. मग म्हणाले, चाप चांगला आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

बॉयलर तपासला. ठणठणीत आहे. बाबांना प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हो, पण मग टिल्लीचं काय?" टिल्ली आमची कुत्री. वय अकरा. दिवसातले वीस तास झोपते.

कामाचा तराजू गाडीत होता, म्हणून आज वजनं केली. धक्का काढायला गोळीचं, काडतुसातल्या दारूचं आणि रायफलीचं वजन लागतं. रायफल घेऊन आणि रायफलीशिवाय असं प्रत्येकी दोनदा तराजूवर उभं राहायचं.

मी: ४९.१
बाबा: ६४.२ (कपडे वजा केलेले नाहीत)
३०-०६, दुर्बिणीसकट: ३.४

दवाखान्याच्या जुन्या कागदावर बाबांचं वजन ८६ आहे. बारीक होणं त्यांना मानवलेलं दिसतं. आर्वो काकांनीही थोडं मनावर घ्यायला हरकत नाही.

हिशेबाने धक्का, फूट-पौंडात: ३०-०६ चा २०. ७-०८ चा १४. ६.५ चा १२. २४३ चा ९.

१२ ऑक्टोबर, शनिवार

खडीच्या जुन्या खाणीत प्रत्यक्ष चाचणी. क्लारिस यांनी भाचीची २४३ आणि स्वतःची ६.५ दिली, ७-०८ मिळाली नाही. बाबांना मी तुलनेसाठी बरोबर घेतलं. अनुभवी माणूस, अडतीस हंगाम, शंभर यार्डांवर तीन गोळ्यांची छिद्रं त्यांच्या हातून कायम बशीखाली झाकतील एवढ्या जागेत असायची. एक माप ठरलेलं असलं की दुसरं मोजता येतं.

निकाल:
मी, २४३: तीन छिद्रं, पसारा दोन इंच.
मी, ६.५: अडीच इंच.
बाबा, ६.५: दीड इंच.
बाबा, ३०-०६: अकरा इंच. एक गोळी कागदाला लागलीच नाही.

३०-०६ मी झाडली नाही. भुवई.

बाबांची रायफल १९८४ सालची आहे. मी सांगितलं, "नळी झिजलीय. बाद झाली."

"हो, हो," बाबा म्हणाले. "नळीच गेली असणार. मलाही तीच शंका होती."

बाबा इतक्या सहज कधी माझं ऐकत नाहीत. पुराव्यापुढे माणूस वाकतो, हे बघून बरं वाटलं.

घरी येताना गाडी मी चालवली. बाबांनी उजवा हात कोटाच्या खिशात ठेवला होता. म्हणाले, गार पडलाय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

६.५ घेतली. कारणं: २४३ चा धक्का कमी आहे, पण लांबवर आणि मोठ्या नरासाठी मला थोडा जास्त जोर हवा. ६.५ मला सोसते. बाबांचंही मत ६.५ च्या बाजूने पडलं. त्यांनी ते चार वेळा सांगितलं.

दस्त्यातल्या पट्ट्या दुकानातच काढायला मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

"राहू दे की आत्ता," बाबा म्हणाले. "एवढी काय घाई?"

"मला लांब पडतो."

"अजून वाढशील."

"बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे."

"माझी मावशी तिसाव्या वर्षी वाढली."

क्लारिस गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधत होत्या. वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. मी पट्ट्या काढल्या. काढलेल्या पट्ट्या आणि लांब स्क्रू क्लारिस यांनी एका लहान डबीत घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून बाबांच्या हातात दिले. "हरवू नकोस हं, रायनो," म्हणाल्या. माझी रायफल आणि डबी बाबांच्या हातात. व्यवहाराच्या दृष्टीने विचित्र.

२७ ऑक्टोबर, रविवार

कॅम्पला न येण्याची बाबांची कारणं आणि त्यांची स्थिती:

बॉयलर: तपासला.
टिल्ली: शेजारच्या बाई पाच दिवस सांभाळतील. टिल्लीला विचारलं, ती झोपली होती.
छपराची गळती: काल मी वर चढून पाहिलं. गळती नाही. एक खिळा सैल होता, ठोकला.

बाबा म्हणाले, "तू फारच कामाची आहेस." कौतुक असावं.

चौथा नियम त्यांच्या लक्षात आणून दिला. म्हटलं, यंदा गोळी सुटली नाही तर एप्रन तुमचा.

त्यांनी पाव कापायचं थांबवलं. "लौरी चांगली लापशी करायचा," म्हणाले. मग सुरी खाली ठेवून, "एप्रन घेतल्यावर त्याने शिकारीची एकही गोष्ट सांगितली नाही, आठवतं? आम्ही सांगायचो, आणि तो पातेली घासायचा."

मला लौरी काका फक्त लापशीसाठी आठवतात. ते गोष्टी सांगायचे हे मला माहीतच नव्हतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

आर्वो काकांनी स्वतःहून बोलावलं होतं. खाणीत या, पोरीची नवी रायफल बघायची आहे म्हणाले. येताना बाबांनी जुनीही घ्यावी, असंही.

काका बाबांचे चुलत भाऊ. वय एकाहत्तर, कॅम्पचे म्होरके, आणि आवाज आगगाडीसारखा.

"या चांदोबा! भुवई कशी आहे?"

"भरली."

"वाईट झालं. कॅम्पला रात्री दिव्याची सोय होती."

आधी त्यांनी बाबांची ३०-०६ मागितली. मी सांगितलं, नळी झिजलेली आहे, उगाच काडतुसं वाया जातील. "असू दे गं," म्हणाले. बाकावर बसून तीन झाडल्या. मी दुर्बिणीतून कागद पाहिला. तीन छिद्रं, पसारा सव्वा इंच.

मी कागदापाशी चालत गेले आणि पट्टी लावून पुन्हा मोजलं. सव्वा इंच.

"नळी तर ठणठणीत आहे की," काका म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, बाबांकडे नाही.

मग त्यांनी खिशातून पोकळ, बिनदारूची काडतुसं काढली. खऱ्यात एखादं पोकळ मिसळायचं. झाडणाऱ्याला ठाऊक नसतं कुठलं आत आहे. पोकळ आलं की नुसता 'टक्' आवाज होतो. धक्का येणारच नसतो, पण ज्याच्या अंगात धक्क्याची भीती बसली आहे त्याची रायफल तरीही हलते.

मी ६.५ वर: दोन पोकळ. रायफल हलली नाही.

"शाब्बास. आता रायनो."

"मला काय गरज आहे?"

"माझंही झालं, पोरीचंही झालं. तू काय जावई आहेस?"

बाबा ३०-०६ घेऊन बसले. पहिली खरी. बाबांचा खांदा मागे गेला आणि तोंडातून आवाज आला, लहानसा. दुसरी पोकळ. टक्. नळीचं तोंड चार इंच खाली गेलं आणि डोळे घट्ट मिटलेले मला दिसले.

काका थर्मासचं झाकण फिरवत बसले, ते आधीच उघडं होतं.

"थंडीने," बाबा म्हणाले.

"हो, गारठा आहे," काका म्हणाले. "आता ती पोरीची घे."

"तिचा दस्ता आखूड आहे मला."

"डबी आणली नाहीस?"

डबी बाबांच्या कोटाच्या खिशात होती. काकांना डबीबद्दल कसं कळलं, मला कळलं नाही. काकांनी पट्ट्या बसवल्या. बाबांनी ६.५ वर पाच झाडल्या, त्यांत दोन पोकळ. नळी जागची हलली नाही. तीन खऱ्यांचा पसारा एक इंच.

काका म्हणाले, "बघ चांदोबा, असं असतं. आता घरी चला, माझे पाय गेले."

वाटेत बाबांनी विषय काढला: यंदा बर्फ लवकर पडेल का. मी म्हटलं, आकडेवारी तसं म्हणत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

जेवायला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत या वहीतलं सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मापं सगळी बरोबर आहेत. ६४.२ बरोबर आहे. अकरा इंच बरोबर आहेत. चूक एवढीच की धक्का न सोसणारा माणूस कोण, हे मी वहीच्या पहिल्या पानावर ठरवून टाकलं आणि नंतर तपासलं नाही. कुठल्याही पेट्रोल पंपावर मी ही चूक केली नसती.

गेल्या वर्षीच्या नोंदीतला चौथा मुद्दा मी स्वतः लिहिला आहे. त्यांनी रायफल खांद्याला लावली, थोडा वेळ धरली, आणि माझ्या हातात दिली. मला तेव्हा वाटलं, मान दिला. ती गोळी त्यांनीच झाडली असती तर त्या संध्याकाळी भिंतीवर कुणाचा तुकडा लागला असता, हे आता मला माहीत आहे. माझ्यावर अन्याय झाला का? तांत्रिकदृष्ट्या, हो. तीन टाके. पण ते हसले नव्हते, हेही नोंदीत आहे. नववा मुद्दा.

बॉयलर, टिल्ली, छप्पर. माणूस दरवाजे लावत होता आणि मी प्रत्येकाला तेल घालून उघडून देत होते.

दुपारी क्लारिस यांच्याकडे काटा तपासायला गेले. काटा बरोबर होता. निघताना त्या म्हणाल्या, "पट्ट्या बसतात ना नीट?" मी म्हटलं, "कुणाला?" त्या म्हणाल्या, "ते तू सांग."

याबद्दल बाबांशी समोरासमोर बोलणं मला जमणार नाही, त्यांना तर नाहीच. आमच्या घरात सांगायचं असलं की कागद पावाच्या डब्याखाली ठेवतात. आईही तेच करायची. खालील मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून आज ते टिल्लीला फिरवायला गेलेले असताना ठेवून आले. नक्कल वहीसाठी:

बाबा,

१. रायफल एक आहे. मचाण एक आहे. आपण दोघं आहोत. परवाने दोघांचे काढले आहेत.

२. ६.५ मध्ये दोन्ही पट्ट्या घातल्या आहेत. दस्ता सध्या तुमच्या मापाचा आहे. मला लागेल तेव्हा काढायला चार मिनिटं लागतात. वेळ मोजली आहे.

३. पहिली गोळी तुमची. गेल्या वर्षी माझी होती. मी शेजारी बसेन आणि बोलणार नाही.

४. चुकलात तर शर्टाचं टोक जाईल. माझ्या तुकड्याच्या उजव्या बाजूला एक तुकडा मावेल एवढी जागा आहे. मला तिथे एकटं बरं वाटत नाही.

५. एप्रनबद्दल: त्यावर बदक आहे. तुम्हाला शोभणार नाही. आर्वो काकांना शोभेल, ते त्यांना सांगू नका.

६. चौथं कारण शोधू नका. मी तेही दुरुस्त करेन.

बोलून उत्तर द्यायची गरज नाही. येणार असाल तर टोक कापलं तरी चालेल असा एखादा जुना शर्ट स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर टांगून ठेवा. येणार नसाल तर खुंटी रिकामी राहू द्या. मी विचारणार नाही. रविवारी, १० नोव्हेंबरला, मी जेवायला येईन तेव्हा पाहीन. कृपया तोपर्यंत उत्तर द्यावं.

आयली